इंजेक्टर बदलले तरी चेक इंजिनची लाइट परत का लागते? मिक्स्चर नेमकं कुठे बिघडतं आणि ते कसं शोधायचं

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. गाडी आयडलला थरथरते, पिकअप गेलेला असतो, ॲव्हरेज पडलेलं असतं आणि चेक इंजिनची लाइट लागलेली असते. स्कॅनरवर पी०१७१ दिसतो, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिक्स्चर लीन, पेट्रोल कमी पडतंय. मग इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर चोक झालेत असं ठरतं, एक-दोन किंवा चारही बदलले जातात, कोड उडवला जातो आणि गाडी घरी जाते. काही दिवस गाडी छान पळते. मग पुन्हा तीच लाइट. कधी तोच कोड, कधी नेमका उलटा पी०१७२, म्हणजे आता मिक्स्चर रिच, पेट्रोल जास्त. इथून पुढे गाडीमालक ऑक्सिजन सेन्सर, कॉइल, थ्रॉटल बॉडी असं एकेक बदलत जातो. खिसा रिकामा होतो आणि दोष जागच्या जागी राहतो.

यात इंजेक्टरवर आधी संशय घेणं चूक नसतं. चूक असते ती नवा इंजेक्टर म्हणजे फक्त स्वच्छ इंजेक्टर असं मानण्यात. इंजेक्टर बदलला की ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, हिशेबातला एक आकडा बदलतो आणि ईसीयूला ते कोणी सांगितलेलं नसतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून तो हिशेब आधी नीट पाहू. इथे मी साध्या पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल इनलेट व्हॉल्व्हच्या मागे फवारणाऱ्या) चार सिलिंडर पेट्रोल इंजिनाबद्दल लिहितोय. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि लहान सेडान याच प्रकारच्या आहेत.

ईसीयू पेट्रोल मोजत नाही, वेळ मोजतो

इंजिनात किती हवा आली हे ईसीयूला मॅप (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) किंवा मॅफ (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सरवरून कळतं. शुद्ध पेट्रोलसाठी १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने, हे प्रमाण त्याला ठेवायचं असतं. त्यावरून या वेळी किती पेट्रोल हवं ते तो काढतो. पण ते पेट्रोल मोजून देणारं कुठलंही साधन त्याच्याकडे नाही. इंजेक्टर मिनिटाला किती सीसी पेट्रोल सोडतो हा आकडा कंपनीने त्याच्या मेमरीत लिहून ठेवलेला असतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवून तो इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा तेवढं ठरवतो. आत प्रत्यक्षात २०० सीसीचा इंजेक्टर आहे की १८० चा, हे त्याला थेट कधीच दिसत नाही.

दिसतं ते उशिरा, सायलेन्सरच्या बाजूने. ऑक्सिजन सेन्सर सांगतो की धुरात ऑक्सिजन जास्त उरलाय, म्हणजे पेट्रोल कमी पडलं. ईसीयू वेळ थोडी वाढवतो. ही लगेचची दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम. तीच दुरुस्ती सारखी लागायला लागली की ईसीयू ती लक्षात ठेवतो, ती लाँग टर्म फ्युएल ट्रिम. दोन्ही टक्क्यांत दिसतात. अधिक म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे कमी करतोय.

गाडी काही दिवस चांगली का चालते, याचं उत्तर इथेच आहे. कोड उडवताना किंवा बॅटरी काढताना बहुतेक गाड्यांत शिकलेला ट्रिमही शून्यावर येतो. ईसीयू नव्याने शिकायला लागतो. दुरुस्ती साधारण २५ टक्क्यांच्या आसपास गेली की तो हात टेकतो आणि पी०१७१ किंवा पी०१७२ नोंदवतो. त्यातही हा कोड बहुधा सलग दोन फेऱ्यांत दोष दिसल्याशिवाय लाइट लावत नाही. म्हणजे दोष त्या मधल्या दिवसांतही होताच, फक्त तो ट्रिममध्ये जमा होत होता. म्हणून माझा आग्रह असतो की कोड उडवण्याआधी ट्रिमचे आकडे आणि फ्रीझ फ्रेमचा (कोड नोंदला गेला त्या क्षणीच्या आकड्यांचा) फोटो काढून ठेवा. कोड उडवला की सगळ्यात कामाचा पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने पुसता.

चारही बदलले तर एक गोष्ट, एकच बदलला तर वेगळीच

समजा मूळ इंजेक्टर २०० सीसीचे होते आणि दिसायला अगदी तसेच, त्याच कपलरचे (वायर जोडायच्या सॉकेटचे), पण १८० सीसीचे चार आणून बसवले. ईसीयूला आता प्रत्येक वेळी सुमारे ११ टक्के जास्त वेळ द्यावा लागेल. तो देतो. लाँग टर्म ट्रिम अधिक ११ वर जाऊन बसतो, लाइट लागत नाही, आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. पण ही गाडी आता काठावर उभी आहे. त्यात फिल्टर थोडा तुंबला, पंप थोडा थकला, की उरलेली जागा भराभर संपते. शिवाय थंड इंजिन सुरू होताना ऑक्सिजन सेन्सर तापलेला नसतो आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर ईसीयू सेन्सरचं ऐकणं थांबवतो. अशा वेळी गाडी फक्त आधी शिकलेल्यावर आणि मेमरीतल्या आकड्यावर चालते. नेमकी बॅटरी काढून शिकलेलं पुसलं असेल, तर पहिल्याच घाटात भरलेली गाडी चढवताना मिक्स्चर लीन राहतं. लीन मिक्स्चर भाराखाली म्हणजे नोकिंग (मिक्स्चर अवेळी पेटून बसणारे ठोके) आणि जास्तीची उष्णता. हा प्रकार मला फार गंभीर वाटतो, कारण आयडलला गाडी अगदी शांत असते.

आता एकच इंजेक्टर वेगळा असेल तर? हा प्रकार जास्त फसवा आहे आणि जास्त वेळा भेटतो. समजा चारपैकी दोन नंबरचा इंजेक्टर २० टक्के कमी पेट्रोल देतोय. ऑक्सिजन सेन्सर चारही सिलिंडरच्या एकत्र धुरात बसलेला आहे. त्याला सरासरी दिसते, म्हणजे ५ टक्के कमी. ईसीयू चौघांनाही सुमारे ५ टक्के वाढवून देतो. निकाल असा: दोन नंबर अजूनही जवळजवळ १६ टक्के लीन आणि बाकीचे तिघे, ज्यांचा काही दोष नव्हता, ५ टक्के रिच. स्कॅनरवर ट्रिम दिसतो अधिक ५, ज्याला कुठलंही गॅरेज ठीक म्हणेल. आणि गाडी मात्र आयडलला मिसिंग मारते.

एखादा इंजेक्टर गळका असेल तर उलटं होतं. तो एकटा सिलिंडर रिच, ईसीयू सगळ्यांचं पेट्रोल कमी करतो, बाकीचे तिघे लीन होतात. अशा गाडीचे चार प्लग काढून शेजारी ठेवले तर एक काळा आणि तीन पांढुरके दिसतात. स्कॅनर जे सांगत नाही ते हे प्लग सांगतात, म्हणून प्लग काढताना सिलिंडरचा नंबर लिहून ठेवायला विसरू नका. गळक्या इंजेक्टरच्या गाडीत इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून वासही घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल पातळ झालंय. ते बदलल्याशिवाय गाडी लांब नेऊ नका.

याहून एक फसवा प्रकार आहे. एखाद्या सिलिंडरला ठिणगीच नीट पडत नसेल, तर तिथली हवा न जळता बाहेर जाते. ऑक्सिजन सेन्सरला तो न वापरलेला ऑक्सिजन दिसतो आणि तो म्हणतो लीन. ईसीयू पेट्रोल वाढवतो. कोड लीनचा, प्लग काळे, ॲव्हरेज निम्मं. इथे इंजेक्टर कितीही बदला, काही होणार नाही. दोष कॉइलचा किंवा प्लगचा आहे. पी०१७१ बरोबर पी०३०१ ते पी०३०४ पैकी कुठला मिसफायर कोड (शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर) असेल तर आधी मिसफायरचं कारण शोधा, मिक्स्चरचं नंतर. आणि लाइट सलग न राहता उघडझाप करत असेल तर गाडी तशीच पळवू नका. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो. त्याची किंमत चार इंजेक्टरपेक्षा कितीतरी जास्त आहे.

ट्रिम एकदा पाहून उपयोग नाही, तीन ठिकाणी पाहा

स्वस्त ब्लूटूथ डोंगल आणि फोनवरचं ॲप एवढ्यावर हे काम होतं. इंजिन पूर्ण तापू द्या. एसी बंद ठेवा. शॉर्ट आणि लाँग दोन्ही ट्रिमची बेरीज तीन ठिकाणी लिहून घ्या: आयडलला, उभ्या गाडीवर २५०० आरपीएमला, आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावताना. तिसरी नोंद शेजारी बसलेल्या माणसाने घ्यायची, चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही. उणे-अधिक ५ च्या आत असेल तर मी समाधानी असतो. १० च्या पुढे गेला की कारण शोधतो, मग लाइट लागलेली असो वा नसो.

आता तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघा. तिन्ही ठिकाणी जवळपास सारखाच टक्का जास्त, तर इंजेक्टरचं माप लहान आहे किंवा चारही सारखेच तुंबलेत. आयडलला ठीक आणि भार वाढेल तसा ट्रिम चढत जातो, तर इंजेक्टर सोडा, पंप, फिल्टर किंवा दाब तपासा. आयडलला खूप जास्त आणि भाराखाली जवळजवळ शून्य, तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे कुठूनतरी न मोजलेली हवा शिरतेय. दुसरी इंजेक्टर बदलण्याशी थेट जोडलेली आहे आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही.

ईसीयूने करंट दिला की इंजेक्टर लगेच उघडत नाही. आतली सुई उचलली जायला साधारण एक मिलिसेकंदाच्या आसपास वेळ जातो. हा वाया जाणारा वेळ ईसीयूच्या मेमरीत असतो आणि तो प्रत्येक जातीच्या इंजेक्टरचा वेगळा असतो. आयडलला इंजेक्टर एकूण २.५ मिलिसेकंदच चालू असेल आणि त्यातला १ वाया जात असेल, तर पेट्रोल पडतं १.५ मिलिसेकंद. नव्या इंजेक्टरचा वाया जाणारा वेळ १.२ असेल तर पेट्रोल पडेल १.३ मिलिसेकंद, म्हणजे १३ टक्के कमी. तोच इंजेक्टर भाराखाली १० मिलिसेकंद चालू असताना फरक फक्त २ टक्क्यांचा. म्हणजे सीसीचा आकडा तंतोतंत जुळला तरी आयडलला गाडी लीन होऊ शकते. टेस्ट बेंचवर (इंजेक्टर तपासायच्या मशीनवर) चारही काचेच्या नळ्या सारख्या भरल्या म्हणून आनंद मानू नका. इंजेक्टर सलग उघडे ठेवून घेतलेल्या त्या चाचणीत हा फरक लपतो. बेंचवाल्याला २-३ मिलिसेकंदांच्या लहान पल्सवरही चाचणी करायला सांगा. मशीनमध्ये ती सोय बहुधा असते, फक्त कोणी मागत नाही. या लहान पल्सवर चौघांत ५ टक्क्यांहून जास्त फरक असलेला संच मी गाडीत घालत नाही.

हा वाया जाणारा वेळ बॅटरीच्या व्होल्टेजवरही अवलंबून असतो. व्होल्टेज पडलं की सुई उचलायला जास्त वेळ लागतो. ईसीयू त्याची भरपाई करतो, पण मूळ इंजेक्टरच्या तक्त्यावरून. म्हणून हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डिफॉगर एकदम लावल्यावरच गाडी थरथरत असेल तर अल्टरनेटरचं चार्जिंग आणि इंजेक्टरची जात, दोन्ही तपासा.

हवा शिरतेय का, हे मॅपच्या गाडीत वेगळं दिसतं

परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. त्यांतला नियम असा की हवा शिरत असेल तर आयडलला ट्रिम खूप वर जातो. हे खरं आहे, पण मॅफ सेन्सरच्या गाडीत, जिथे हवा एअर फिल्टरनंतर लगेच मोजली जाते आणि पुढे शिरलेली हवा मोजणीतून सुटते. आपल्याकडच्या कितीतरी लहान पेट्रोल गाड्यांत मॅप सेन्सर आहे. तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. बाहेरून हवा शिरली की दाब वाढतो, ईसीयूला ती हवाही दिसते आणि तो तेवढं पेट्रोल देतो. ट्रिम फारसा हलत नाही, आयडल मात्र वर चढतो.

आता इंजेक्टर बदलल्यानंतरच्या एका नेहमीच्या दोषाकडे या. इंजेक्टरच्या खालच्या टोकाची ओ-रिंग बसवताना कापली जाते किंवा जुनी कडक झालेलीच परत लावली जाते. तिथून शिरणारी हवा मुख्यतः त्याच एका सिलिंडरमध्ये जाते, पण तिच्यासाठी वाढवलेलं पेट्रोल चौघांत वाटलं जातं. तो एक लीन, बाकीचे थोडे रिच, सरासरी बरोबर. ट्रिम शून्याजवळ, कोड मिसफायरचा, आणि सगळे म्हणतात नवा इंजेक्टरच खराब निघाला. बिचारा इंजेक्टर परत पाठवला जातो.

म्हणून ओ-रिंग प्रत्येक वेळी नव्या घ्या, पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्या घ्या. साध्या रबराच्या रिंगा पेट्रोलमध्ये फुगतात. बसवताना इंजिन ऑइलचं बोट फिरवा, इंजेक्टर सरळ दाबा, वाकडा करून ढकलू नका. रेल (चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) घट्ट केल्यावर प्रत्येक इंजेक्टर हाताने थोडासा फिरायला हवा. फिरत नसेल तर रिंग दुमडलीय. शंका असेल तर आयडलला चालू इंजिनवर इंजेक्टरच्या बुडाशी कार्ब क्लीनरचा अगदी लहान फवारा मारा आणि इंजिनाचा आवाज बदलतो का ऐका. हे ज्वलनशील आहे. गरम सायलेन्सरजवळ मारू नका, आग विझवायचं साधन जवळ ठेवा. स्मोक मशीन मिळत असेल तर तीच वापरा.

बसवतानाच्या आणखी दोन गोष्टी. चार व्हॉल्व्हच्या हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन इनलेट व्हॉल्व्ह असतात आणि बऱ्याच इंजेक्टरचा फवारा दोन धारांत फाकलेला असतो, एकेक धार एकेका व्हॉल्व्हवर पडावी म्हणून. असा इंजेक्टर क्लिपच्या खाचेत नीट न बसवता फिरलेला राहिला, किंवा त्याजागी एका धारेचा आला, तर पेट्रोल मधल्या भिंतीवर आपटतं. एका वेगाने चालताना मिक्स्चर बरोबर दिसतं, कारण भिंतीवरचं पेट्रोलही शेवटी आत जातंच. पण ॲक्सिलरेटर दिला की गाडी क्षणभर अडखळते आणि मग एकदम उसळते. सकाळी थंड इंजिनावर हे जास्त जाणवतं. दुसरं, कपलर. वायर लांब असेल तर दोन आणि तीनचे कपलर अदलाबदल होऊन बसतात. गाडी तरीही चालू होते, कारण पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल बंद व्हॉल्व्हच्या मागे थांबून राहू शकतं. फक्त आयडल थोडा खरखरीत होतो, धुराला वास येतो, ॲव्हरेज पडतं. आणि जुन्या कपलरचं लॉक तुटलेलं असेल तर ते बदलाच. खड्ड्यात पिन हलते, मिसफायर येतो-जातो आणि तो कधीच गॅरेजमध्ये दिसत नाही.

दाब न मोजता इंजेक्टरला दोष देऊ नका

इंजेक्टर सोडतो ते पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. ३ बार हवा असताना पंप २.५ बारच देत असेल तर प्रत्येक इंजेक्टर सुमारे ९ टक्के कमी पेट्रोल देईल, तो कितीही नवा असो. सीसीचा आकडा विचारतानाही तो कुठल्या दाबावरचा हे विचारा. ४ बारवर मोजलेला आकडा ३ बारवरच्या आकड्यापेक्षा १५ टक्के मोठा दिसतो, इंजेक्टर तोच असला तरी. कुर्ल्याला किंवा कुठल्याही जुन्या बाजारात घेतलेल्या पार्टवर हे लिहिलेलं नसतं, म्हणून तिथून घ्यायचेच असतील तर अंगावरचा पार्ट नंबर तुमच्या जुन्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. नुसतं इंजिन तेच म्हणून चालणार नाही. इंजिन तेच राहून वर्षागणिक इंजेक्टर बदललेले असू शकतात, आणि २०२० ला बीएस-६ आल्यावर बऱ्याच इंजिनांच्या आतल्या गोष्टी हलल्या आहेत.

मीटर असेल तर प्रत्येकाचा रेझिस्टन्स मोजा. या गाड्यांत तो सहसा १२ ते १६ ओहम असतो आणि चौघांत फार फरक नसावा. दोन-तीन ओहमचा इंजेक्टर हातात आला तर तो वेगळ्या जातीच्या ड्रायव्हरसाठी (ईसीयूमधल्या इंजेक्टर चालवणाऱ्या सर्किटसाठी) आहे. बसवलात तर ईसीयूमधला ड्रायव्हर जळू शकतो.

ई-२० आणि सीएनजी, आपल्याकडच्या दोन खास गुंतागुंती

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे १४.७ चं प्रमाण ई-१० ला सुमारे १४.१ आणि ई-२० ला सुमारे १३.५ होतं. ई-१० धरून बनवलेल्या जुन्या गाडीत ई-२० भरलं की सगळं निरोगी असतानाही ट्रिम ४ टक्क्यांच्या आसपास वर सरकतो. तो दोष नव्हे. पण आधीच अधिक ८ वर असलेली गाडी आता १२ वर जाते आणि लहान मापाचे इंजेक्टर घातलेली गाडी त्याहून वर. इंजेक्टर बदलण्याआधीचे तुमचे आकडे जुन्या पेट्रोलवरचे असतील तर तुलना करताना हे वजा करा. जुन्या टाकीत बसलेला गाळ इथेनॉलने सुटतो हेही लक्षात असू द्या. नवे इंजेक्टर घालण्याआधी फिल्टर बदला, नाहीतर तोच गाळ नव्या जाळीत जाऊन बसेल.

सीएनजीच्या गाड्यांत पेट्रोल इंजेक्टर बहुतेक वेळ बंद राहतात, गरम मॅनिफोल्डवर बसलेले, आणि टोकावर पेट्रोलचा चिकट थर धरतो. अशा गाडीत इंजेक्टर साफ करणं किंवा बदलणं नेहमीचं आहे. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये मात्र एक अडचण आहे. गॅसचा ईसीयू स्वतः फार काही ठरवत नाही. पेट्रोलचा ईसीयू इंजेक्टरला जी वेळ देतो ती वाचून, तिला गुणून, तो गॅस सोडतो. आता पेट्रोल इंजेक्टर १० टक्के लहान आले, तर पेट्रोलवर ट्रिम अधिक ११ होतो. गाडी गॅसवर गेली की तोच वाढीव आकडा गॅसलाही लागतो, पण गॅसच्या इंजेक्टरचं माप तर बदललेलं नाही. गाडी रिच होते, ट्रिम हळूहळू खाली येतो. पुन्हा पेट्रोलवर आलात की लीन. ट्रिम असा दोन्हीकडे धावत राहतो, कधी एक कोड, कधी दुसरा. लेखाच्या सुरुवातीला म्हटलेला पी०१७१ आणि पी०१७२ चा लपंडाव दिसला तर गाडीला किट आहे का हे मी पहिलं विचारतो. इलाज क्रमाने करायचा: आधी फक्त पेट्रोलवर चालवून ट्रिम शून्याजवळ आणा, योग्य मापाचे इंजेक्टर घालूनच, आणि मग किटवाल्याकडून गॅसचं मॅपिंग नव्याने करून घ्या. उलट क्रमाने केलं तर गॅसचं मॅपिंग चुकीच्या पायावर होतं.

प्रत्यक्ष काम कसं करावं

नवा पार्ट घेण्याआधी अदलाबदलीची चाचणी करा. ती फुकट आहे आणि तिचा निकाल कुणाच्या अंदाजावर अवलंबून नाही. समजा पी०३०२ येतोय, म्हणजे दोन नंबरला मिसफायर. इंजिन चालू ठेवून फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन आपोआप बंद पडेल आणि रेलमधला दाब उतरेल. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. दिवसा, मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर काम करा. इंजेक्टरवर १ ते ४ नंबर टाका आणि दोन व तीनचे आपापसांत बदला. चारही ठिकाणी नव्या ओ-रिंग घाला, नाहीतर दोष इंजेक्टरचा की रिंगेचा हे कळणारच नाही. याच वेळी कॉइल किंवा प्लग हलवू नका, एका वेळी एकच वस्तू हलवायची. रेल बसवल्यावर चावी दोन-तीन वेळा फक्त ऑनपर्यंत फिरवून दाब भरू द्या आणि टॉर्चने चारही सांधे बघा. पेट्रोलचा एक थेंब दिसला तरी इंजिन चालू करू नका.

आता कोड पी०३०३ झाला तर इंजेक्टर दोषी. पी०३०२ च राहिला तर इंजेक्टर निर्दोष. मग कॉइल आणि प्लग त्याच पद्धतीने हलवा, आणि तरीही दोन नंबरच राहिला तर कॉम्प्रेशन मोजा. सीएनजीवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या सीट घासून टॅपेटची फट संपलेली असते. व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि नेमकं आयडललाच मिसिंग होतं, ते इंजेक्टरसारखं भासतं.

इंजेक्टर दोषी ठरला तर लगेच नवा आणू नका. चारही काढून अल्ट्रासॉनिकमध्ये साफ करून बेंचवर लावा. मरगळलेला इंजेक्टर बहुतेक वेळा साफ होऊन येतो. बेंचवर दाबाखाली बंद स्थितीत गळतीही बघायला लावा, मिनिटभरात टोकाला थेंब जमून पडत असेल तर तो टाकून द्या. एकच टाकावा लागला तर नवा एक बाकीच्या तिघांबरोबर बेंचवर लावून जुळवून घ्या, आणि जुळत नसेल तर पूर्ण संच बदला. तीन जुने आणि एक नवा, न जुळवता, हे मला कुठल्याही गाडीत पटत नाही. स्वच्छ नवा इंजेक्टर तीन मंदावलेल्या जुन्यांत गेला तर तोच एकटा रिच होतो.

जोर वाढवायला मोठे इंजेक्टर घालणाऱ्यांना एवढंच सांगेन. ईसीयूमधला आकडा न बदलता मोठा इंजेक्टर घातला तर ईसीयू आयडलला वेळ इतका कमी करतो की सुई नीट उघडायच्या आत बंद व्हायची वेळ येते आणि प्रत्येक वेळी वेगळंच पेट्रोल पडतं. ट्रिम उणे टोकाला जातो, जोर तसूभर वाढत नाही, कारण हवा तेवढीच आहे.

काम झाल्यावर ईसीयूतला जुना शिकलेला ट्रिम स्कॅनरने पुसा. जुन्या दोषासाठी शिकलेलं पेट्रोल नव्या इंजेक्टरला लागू नये म्हणून. मग शहरात, महामार्गावर आणि एखाद्या चढावर अशी मिसळ गाडी आठवडाभर चालवा आणि तेच तीन आकडे त्याच तीन ठिकाणी पुन्हा लिहा. आधीच्या कागदाशेजारी ठेवा. तिन्ही ५ च्या आत आणि एकमेकांजवळ असतील तर इंजेक्टरचा विषय संपला. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सर मॅनिफोल्ड कुठे फुटलेलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन खोटं लीन दिसतं, तेवढं मात्र एकदा बघून घ्या.

डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या आणि कॉमन रेल डिझेल यांना वरची घरगुती रीत लावू नका. तिथे दाब शेकडो बारचा, डिझेलमध्ये हजाराच्याही पुढचा असतो, आणि चालू इंजिनावर पाइप सैल केला तर धार कातडी फोडून आत शिरते. बऱ्याच डिझेल इंजेक्टरच्या डोक्यावर एक कोड छापलेला असतो. तो इंजेक्टर ठरलेल्या मापापेक्षा किती कमी-जास्त डिझेल सोडतो ते त्या कोडमध्ये असतं आणि बदलल्यावर तो स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. इंजेक्टर एका सिलिंडरमधून दुसऱ्यात हलवला तरीही. तो भरला का, हे गाडी ताब्यात घेण्याआधी विचारा आणि स्क्रीनवर बघा.